कुरवांचा हजेरीपट

जालन्याच्या एमआयडीसीत मान वर केली की घारी दिसतात. रोलिंग मिलच्या शेडवरून उठणाऱ्या गरम हवेवर त्या निवांत चढत राहतात. कुरव मात्र इथे दिसत नाहीत, आणि कुणी दिसले म्हणालं तर आधी फोटो मागावा. पण दिवाळीनंतरच्या एखाद्या साप्ताहिक सुट्टीला अंबड, पाचोड करत पैठण गाठा आणि नाथसागराच्या काठावर उभे राहा. मांडव्याच्या लाँचमागे गाठी-शेवेसाठी घिरट्या घालणारा तो पांढरा-राखाडी पक्षी इथे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, जालन्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यावर तरंगताना दिसेल.

हा लेख त्या पक्ष्याचा माग कसा काढायचा याविषयी आहे. पक्षीनिरीक्षणाची हौस नुकती लागलेल्या आणि पाळीच्या नोकरीतून महिन्याला दोन-तीन दिवस काढू शकणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून तो लिहिला आहे. हा माणूस फर्नेसवर असेल, बियाणे कंपनीत असेल किंवा शाळेत शिकवत असेल. काम तेच.

आधी हे काम का करायचं ते बोलू. आपल्याकडे हिवाळ्यात येणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी घरटी करतो. घरट्याला धरून पक्षी एका जागी सापडतो, म्हणून अभ्यासकही उन्हाळ्यात तिकडेच जातात. अंडी मोजतात, पिलं मोजतात, पायात कडी घालतात. पिलं उडाली की पक्षीही गेला आणि माहितीही गेली. पक्ष्याच्या वर्षातला मोठा भाग उरतो तो मात्र विणीबाहेर. अन्न कमी पडतं, वादळ गाठतं, जाळ्यात पाय अडकतो, ते बहुतेक याच काळात. समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासात या महिन्यांना दुय्यम मानलं गेलं, कारण तेव्हा पक्षी हाती लागत नाही. आपण जालनेकर त्या अर्थाने उलट्या बाजूला उभे आहोत. कुरवाची वीण आपल्याला कधीच दिसणार नाही. आपल्या वाट्याला फक्त हाच हंगाम आहे.

या काळाबद्दलचे अंदाज किती चुकू शकतात याचं माझं आवडतं उदाहरण फॅलरोपचं आहे. लाल मानेचा फॅलरोप हा जेमतेम ३५ ग्रॅमचा पक्षी. तो चिखलपक्ष्यांच्या कुळातला असला तरी हिवाळा भर समुद्रात काढतो. स्कँडिनेव्हियातले फॅलरोप हिवाळ्यात अरबी समुद्रात, म्हणजे आपल्याच दारी येतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर थोडे फॅलरोप वीण करतात. तेही त्याच वाटेने इकडे येत असावेत असं सगळे धरून चालले होते. २०१२ साली तिथल्या फेटलर बेटावर दहा पक्ष्यांवर इवलीशी यंत्रं बसवली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांतला एक पक्षी यंत्रासह परत सापडला. तो अरबी समुद्राच्या वाटेला गेलाच नव्हता. अटलांटिक ओलांडून, अमेरिकेच्या कडेकडेने तो प्रशांत महासागरात पेरूच्या बाजूला जाऊन आला होता. जाऊन-येऊन सुमारे २५ हजार किलोमीटर. एका पक्ष्याने एवढा पक्का अंदाज मोडला.

ते यंत्र म्हणजे जिओलोकेटर. नाव भारदस्त आहे, पण आत एक घड्याळ, एक प्रकाश मोजणारा डोळा आणि थोडी स्मृती, एवढंच असतं. त्यात जीपीएस नसतो आणि ते कुठे संदेशही पाठवत नाही. उजाडलं कधी आणि मावळलं कधी, एवढंच ते लिहून ठेवतं. त्यावरून जागा कशी कळते, हे समजायला पुस्तकापेक्षा सळई बरी. आणि सळईला जालन्यात काय तोटा?

शेडबाहेरच्या सपाट जागेत एक मीटर उंचीची सरळ सळई ओळंब्याने उभी करा. २५ डिसेंबरच्या सुमारास दुपारी बारापासून पाच-पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने मांडत जा. सावली सगळ्यांत आखूड होईल ती बारा वाजता नाही, १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि जालना त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून थोडं जास्त आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणून हा उशीर. म्हणजे खरी मध्यान्ह कधी झाली हे कळलं की रेखांश कळला. अक्षांश दिवसाच्या लांबीवरून कळतो. डिसेंबरच्या शेवटी जालन्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि लेहला दहा तासांहून कमी. त्या दुपारी तुमच्या सळईची सावली साधारण ९४ सेंटिमीटर भरेल, २१ मार्चला ३६ भरेल, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात शून्य सावलीच्या दिवशी ती सळईच्या बुडाशीच जाईल. यंत्र सावली मोजत नाही, उजेड मोजतं. पण हिशोब याच जातीचा.

या यंत्राच्या मर्यादाही लक्षात घ्या, कारण आपल्या वहीचं काम तिथेच सुरू होतं. पहिली म्हणजे अचूकपणा. जिओलोकेटरची जागा दीडशे-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे होऊ शकते. पक्षी जालन्यात होता की बुलढाण्यात, हे ते सांगू शकत नाही. जालन्यात की वेंगुर्ल्यात, एवढं सांगेल. दुसरी, रात्रीच्या दिव्यांनी ते फसतं. एमआयडीसीसारख्या लखलखीत ठिकाणी पक्षी बसला तर सूर्य मावळलाच नाही असं ते लिहील. तिसरी सगळ्यांत मोठी. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपास जगभर दिवस-रात्र सारखेच असतात, त्यामुळे त्या आठवड्यांत अक्षांश काढताच येत नाही. आणि नेमके हेच आठवडे स्थलांतराचे असतात. शिवाय माहिती मिळवायला तोच पक्षी पुन्हा पकडावा लागतो, म्हणजे पुढच्या विणीपर्यंत थांबायचं आणि तो जिवंत परतेल अशी आशा करायची.

तरीही या यंत्राने थक्क करणाऱ्या गोष्टी दाखवल्या आहेत. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या आर्क्टिक सुरयांवर, म्हणजे आर्क्टिक टर्न पक्ष्यांवर, १.४ ग्रॅमची यंत्रं बसवली होती. वर्षाला सरासरी ७०,९०० किलोमीटर उड्डाण, हा त्यांचा हिशोब २०१० साली प्रसिद्ध झाला. आपल्या हिंदी महासागरात रियुनियन बेटावरचा बराउचा पेट्रेल वीण आटोपून पूर्वेकडे महासागराच्या मध्यावर जातो, हेही असंच कळलं. आता जीपीएस आणि मोबाइलच्या जाळ्यावरून निरोप धाडणारी यंत्रं आली आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, २०२२ मध्ये ठाणे खाडीतल्या सहा रोहितांना तशी यंत्रं लावली.

इथे एक सावधगिरी. एमआयडीसीत हुशार हातांची कमी नाही. 'एवढंसं सर्किट आम्हीच करू' असं म्हणणारे तरुण मला भेटले आहेत. सर्किट जरूर करा, पक्ष्याला बांधू नका. यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या आत असावं हा जगभरचा संकेत आहे. अर्ध्या किलोच्या कुरवाला पंधरा ग्रॅम ही कमाल मर्यादा. बांधणी चुकली तर पक्षी पंख घासून मरतो. आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय रानपक्षी पकडणं हाच गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

म्हणून आपलं साधन म्हणजे वही. कारखान्यात हजेरीपट असतो तसा. हजेरीपटाचा खरा उपयोग कोण आलं हे कळण्यात जितका, तितकाच कोण आलं नाही हे कळण्यात. पक्षीनिरीक्षक बहुधा इथेच कमी पडतात. कुरव दिसले त्या दिवशी नोंद होते, फोटो फिरतो. दिसले नाहीत त्या दिवशी वही कोरी राहते. तीन वर्षांनी मागे वळून पाहिलं तर कोऱ्या पानाचा अर्थ 'गेलोच नाही' की 'गेलो पण नव्हते', हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा पहिला नियम: शून्यही लिहायचा.

दुसरा नियम जागेचा. नाथसागर अफाट आहे. पाण्याचा पसारा साधारण साडेतीनशे चौरस किलोमीटर. १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. सगळा बघायला जाल तर काहीच हाती लागणार नाही. धरणाच्या भिंतीकडची पैठणची बाजू घ्या, नाहीतर वरच्या अंगाला गोदावरी-प्रवरा संगमाजवळचं कायगाव टोका घ्या. पण एक जागा, एक उभं राहायचं ठिकाण आणि एक वेळ पक्की करा. दर दहा दिवसांनी जमलं तर उत्तम, पंधरा दिवसांनीही चालेल. दरमहा नवी जागा हिंडणाऱ्यापेक्षा एकाच बांधावर हिवाळाभर उभा राहणारा माणूस या कामाला जास्त उपयोगी. जालन्याजवळ घाणेवाडीचा तलाव आहे. तिथे कुरवांपेक्षा बदकं आणि सुरय यांचीच शक्यता जास्त, पण पाळीवरून सुटल्यावर तासाभरात होणारी फेरी म्हणून आणि शून्य लिहायची सवय म्हणूनही ती जागा चांगली.

वेळ सकाळची किंवा मावळतीची. मला मावळती आवडते. दिवसभर पाण्यावर पांगलेले कुरव संध्याकाळी रात्रीच्या मुक्कामाला एकत्र येतात, ओळीने उडत येतात आणि मोजायला सोपे जातात. मोजताना एक-एक करू नका. दहा पक्षी केवढी जागा घेतात ते नजरेत बसवा आणि तेवढे तुकडे मोजत पुढे जा. दोघं असाल तर वेगवेगळे मोजा, मग आकडे सांगा. आधी सांगितला की दुसऱ्याचा आकडा पहिल्याच्या आकड्याकडे सरकतो. हा माझ्या अनुभवातला सगळ्यांत नकोसा शोध आहे.

सोबत चार गोष्टी लिहा: वारा, उजेड, पाण्याची पातळी आणि माणसं काय करत होती ते. पातळीसाठी धावपळ नको. जायकवाडी धरणात, म्हणजे नाथसागरात, किती टक्के पाणी आहे हे मराठवाड्यातली वर्तमानपत्रं छापतातच. तो आकडा वहीत उतरवा, कारण नाथसागरावर पक्ष्यांचं येणं-जाणं बरंचसं त्यावर चालतं. धरण भरलेलं असताना पक्षी पांगतात. पाणी ओसरलं की चिखल आणि बेटं उघडी पडतात आणि थवे जमतात. मग त्याच उघड्या जमिनीवर गाळपेर सुरू होते आणि थवे पुन्हा सरकतात. मच्छीमार जाळी काढत असतील तर तेही लिहा. जाळी वर येताना कुरव कुठून कुठे धावतात हे पाहिलं की अर्ध्या तासात आकडा दुप्पट कसा झाला याचं उत्तर मिळतं.

आता ओळख. इथे थोडं रेंगाळावं लागेल, कारण पुस्तकातला कुरव आणि आपला कुरव वेगळा दिसतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं आपल्याकडे मुक्कामाच्या बऱ्याच काळात तपकिरी नसतंच. हिवाळ्यात ते पांढरं होतं आणि डोळ्यामागे काळसर ठिपका राहतो. चोच लाल, टोकाकडे गडद. पंखाची टोकं काळी आणि त्या काळ्यात पांढरे डाग, आरशाच्या तुकड्यांसारखे. प्रौढाचा डोळा फिकट, त्यामुळे नजर जराशी रागीट वाटते. त्याच्यासारखाच काळ्या डोक्याचा कुरव असतो, तो किंचित लहान. त्याचा डोळा गडद असतो आणि उडताना पंखाची पुढची कड लख्ख पांढरी चमकते. फोटो काढायचा तर बसलेल्या पक्ष्याचा काढण्याऐवजी पंख पसरलेला काढा. बसलेल्या कुरवाचे सुंदर फोटो ओळखीला फारसे कामाला येत नाहीत.

तिसरा पॅलासचा कुरव. हा भलामोठा. बाकीच्यांमध्ये बसला की बदकांत हंस बसावा तसा दिसतो. पिवळ्या चोचीवर टोकाजवळ काळा-लाल पट्टा. याचं डोकं इतरांच्या आधी काळं होऊ लागतं, फेब्रुवारीतच.

वय ओळखायला शिका, कारण हजेरीपटात नावापुढे वय लागतंच. शेपटीच्या टोकाला काळा पट्टा आणि पंखावर तपकिरी पिसं म्हणजे यंदाच्या उन्हाळ्यात जन्मलेलं पिलू. त्याचा डोळाही गडद असतो, म्हणून नुसत्या डोळ्यावरून जात ठरवू नका. शंभर कुरवांमध्ये अशी पिलं किती, हा आकडा तुम्ही दरवर्षी लिहिलात तर लडाख-तिबेटकडे यंदा वीण कशी झाली याचा थोडा सुगावा पैठणच्या बांधावर लागतो. पिलं आणि प्रौढ वेगवेगळ्या ठिकाणी उतरतात, त्यामुळे एका जागेच्या आकड्यावर फार डोलारा उभारू नये. तरी लिहावा.

सुरयांकडेही लक्ष असू द्या. व्हिस्कर्ड टर्न हिवाळ्यात पांढरा-करडा असतो आणि पाण्यावर हलकेच वाकून किडा उचलतो. जाड काळ्या चोचीचा गल-बिल्ड टर्न बुडी कमी मारतो, चिखलावरून आणि शेतावरूनही शिकार टिपतो. पिवळ्या चोचीचा नदी सुरय मात्र पाहुणा नाही, इथलाच. त्याला पाहुण्यांच्या बेरजेत घेऊ नका.

डोळे पक्ष्यांच्या पायांकडेही जाऊ द्यात. रिंग घातलेला पक्षी हजारात एखादा, पण तो एक सापडला तर त्या दिवसाची सगळी मोजणी बाजूला ठेवावी. धातूच्या कड्यावरचा क्रमांक दुर्बिणीतून सहसा वाचता येत नाही, स्पॉटिंग स्कोप लागतो. रंगीत झेंडी असेल तर काम सोपं. कोणत्या पायाला, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, कोणते रंग, आणि दोन असतील तर वरचा कोणता. उजवा-डावा पाय पक्ष्याचा लिहायचा, बघणाऱ्याचा नाही. नवखे लोक हमखास इथे चुकतात. अंदाजाने एकही अक्षर भरू नका. अर्धा वाचलेला क्रमांक अर्धाच लिहा. नाथसागरावर पट्टेरी डोक्याचे हंस दिसले तर मानाही बघा. मंगोलियात या हंसांच्या मानेत हिरवे पट्टे घालतात आणि असे हंस महाराष्ट्रात दिसलेले आहेत. फोटो, तारीख, वेळ आणि जागा बीएनएचएसकडे पाठवा. तो पक्षी कुठे पकडला होता हे उलट टपाली कळलं, तर तो आनंद पगारवाढीहून मोठा असतो. निदान काही दिवस.

वहीतली नोंद पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या संकेतस्थळावरही टाका. तिथे यादी पूर्ण आहे का असं विचारतात. दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिला असेल तरच 'हो' म्हणा, कारण पूर्ण यादीतच न दिसलेल्या पक्ष्याची गैरहजेरी लागते. सुरुवातीला मुहूर्त हवा असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षीसप्ताह आहे, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ती १९८७ पासून चालू आहे. फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. या तिन्ही वेळी बांधावर गर्दी असते, चहा असतो, गप्पा होतात. डिसेंबरच्या मधल्या बुधवारी मात्र तिथे तुम्हीच असाल, आणि त्या बुधवारची नोंद दुसऱ्या कुणाकडेच नसेल.

मेलेला पक्षी सापडला तर उघड्या हाताने उचलू नका. २०२१ च्या जानेवारीत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, हे आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. लांबून फोटो घ्या, पायात कडं असेल तर त्याचा जवळून फोटो घ्या आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. एकाच ठिकाणी चार-पाच मेलेले दिसले तर घरी पोचायची वाट न पाहता तिथूनच फोन करा.

कोकणात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांच्यासाठी आणखी थोडं. पावसाळ्यात आणि चक्रीवादळात भर समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर, कधी आतही फेकले जातात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा असे पक्षी सापडले होते. मास्क्ड बूबीसारखा पक्षी अंगणात बसलेला दिसला की लोक त्याला पाण्याच्या टबात सोडतात, तोंडात मासा कोंबतात, किंवा 'उड बाबा' म्हणून हवेत फेकतात. यांतलं काहीही करू नका. तो दमलेला असतो आणि सपाट जमिनीवरून त्याला नीट उडताही येत नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा आणि १९२६ वर फोन करा. चोच भाल्यासारखी असते, तेव्हा चेहरा लांब ठेवा.

मार्च लागला की फेऱ्या वाढवा. पंधरवड्यावरून आठवड्यावर या. जिओलोकेटर नेमकं याच दिवसांत आंधळं होतं, आणि याच दिवसांत नाथसागरावरच्या कुरवांची डोकी तपकिरी होतात, थवे अस्वस्थ होतात, एखाद्या संध्याकाळी तीनशेचे चाळीस उरतात. किती जणांचं डोकं पूर्ण रंगलं, किती जणांचं अर्धं, हेही लिहा. शेवटचा कुरव कधी गेला हे त्या दिवशी कधीच कळत नाही. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत शून्य लिहिलं की मागच्या तारखेखाली रेघ मारता येते. त्या फेऱ्या एप्रिलच्या उन्हात, एकही कुरव नसताना कराव्या लागतात, म्हणून बहुतेक वह्यांमध्ये ही तारीख नसते. टोपी घ्या, पाणी घ्या, पहाटे निघा. बेटांवर तोवर नदी सुरयांनी वाळूत अंडी घातलेली असतील. तिकडे होडी न्यायची नाही, दुर्बीण बांधावरूनच लावायची.